फॅट किती लागली? रेटिंगच्या आकड्याची एक गोष्ट

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

परवा बहिणीचा पोरगा घरी आला होता. लातूरला बारावीला आहे. क्लासच्या लेक्चरसाठी म्हणून त्याला सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिलाय, त्यावर लेक्चर किती चालतात ते त्याचं त्याला माहीत. आल्या आल्या म्हणाला, "मामा, साडेआठशे रुपये टाका ना फोन पेवर. एक गेम घ्यायचाय. ऑफर आहे, उद्या संपतीय."

म्हटलं, "कसा आहे गेम?"

"अठ्ठ्याऐंशी आहेत त्याला."

"अठ्ठ्याऐंशी काय?"

"स्कोअर. शंभरपैकी."

"कुणी दिले?"

पोरगं गप्प बसलं. मग म्हणालं, "सगळ्यांनी."

त्याच संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो. युसूफ वडगावात काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावात काय, संध्याकाळी डेअरीसमोर एकच प्रश्न कानावर पडतो, "फॅट किती लागली?" गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा धरून चालायचा आकडा. त्याच्या खाली गेलं की दर कापला. म्हणजे आपल्या माणसाला आकड्याची भानगड काही नवी नाही. सोयाबीन घेऊन गेलं की ओलावा मोजतात. १२ टक्क्यांच्या वर गेला की हमीभाव केंद्रावरून माल परत. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ती मर्यादा त्या हंगामापुरती १५ वर नेली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांचा जीव भांड्यात पडला. तीन टक्क्यांचा फरक, पण त्यावर अख्ख्या घराचा हंगाम उभा असतो.

तर डेअरीच्या लाइनीत उभ्या उभ्या डोक्यात आलं. आपण फॅटच्या आकड्यावर भांडतो, कारण मशीन समोर असतं, दूध आपलं असतं आणि शंका आली तर पुन्हा लावायला सांगता येतं. मागे एका केंद्रावर एकाच कॅनचं दूध दोन मशीनवर दोन फॅट दाखवत होतं, त्याची मी बातमी केली होती. लोकांनी आरडाओरडा केला, मशीन बदललं. मग हे जे अठ्ठ्याऐंशी, साडेचार स्टार, पाचपैकी पाच असले आकडे मोबाइलवर दिसतात, त्यांचं मशीन कुठं आहे? ते पुन्हा लावायला कुणाला सांगायचं?

म्हणून जरा मागे जाऊन ह्या आकड्याचा इतिहास शोधला. मजेशीर आहे. सांगतो.

चांगल्या-वाईटाला खुणा द्यायची पद्धत प्रवासाच्या पुस्तकांतून आली. १८२० च्या सुमारास मारियाना स्टार्क नावाच्या इंग्रज बाईंनी युरोपातल्या प्रवाशांसाठी पुस्तक लिहिलं. बघण्यासारखं चित्र किंवा मूर्ती असेल तर त्या नावापुढे उद्गारचिन्हं द्यायच्या. जितकी चिन्हं जास्त, तितकं बघायलाच हवं. पुढे १९२६ मध्ये फ्रान्समधल्या मिशेलिनने चांगल्या हॉटेलांना स्टार द्यायला सुरुवात केली. ही मिशेलिन म्हणजे टायरवाली कंपनी! लोकांनी गाड्या काढून लांब लांब जेवायला जावं, म्हणजे टायर झिजतील, असा हिशेब. सिनेमाला स्टार आले ते १९२८ च्या जुलैत. न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' पेपरात आयरीन थायरर या समीक्षक बाईंनी ते सुरू केले आणि तिथून ते जगभरच्या पेपरांत पसरले. आपल्याकडे आज कुठलाही पेपर उघडा, शुक्रवारच्या सिनेमाखाली स्टार असतातच. वाचक आधी स्टार बघतो आणि बऱ्याचदा तिथंच थांबतो.

व्हिडिओ गेमचं तर जन्मापासूनच मार्कांशी नातं. १९८० च्या दशकात इंग्लंडमधली मासिकं गेमला टक्केवारी द्यायला लागली. जपानात १९८६ साली 'फामित्सू' मासिक आलं. त्यांची पद्धत मला आवडली. एकाच गेमवर चार जण लिहिणार, प्रत्येकाचे दहापैकी मार्क आणि बेरीज चाळीसपैकी. म्हणजे चार पंच. एकाला आवडला आणि एकाला नाही, हे वाचणाऱ्याला तिथल्या तिथं दिसतं. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये, 'झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' या गेमला. म्हणजे पैकीच्या पैकी द्यायला त्यांना बारा वर्षं लागली. आजचे स्टार वाटणारे बघा आणि हे बघा.

आता आपल्याकडची गोष्ट. आमच्या पिढीने गेमचा रिव्ह्यू कधी वाचलाच नाही. अंबाजोगाईला, लातूरला व्हिडिओ गेमची पार्लरं होती. अंधारी खोली, रुपयाचं नाणं आणि मशीनभोवती गर्दी. 'मुस्तफा' आठवतो का? तोच, पिवळी टोपीवाला. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेला. हे मला चाळिशीत कळलं. आपल्यासाठी तो मुस्तफाच. त्याला किती स्टार होते कुणाला ठाऊक. ज्या मशीनमागे दहा पोरं उभी, तो गेम भारी. जिथं कुणी नाही, तिथला बकवास. गर्दी हेच रेटिंग, आणि ती डोळ्यांनी दिसायची. पैसे देऊन उभी केलेली गर्दी नव्हती ती.

पण खोटा आकडाही आम्ही तेव्हाच पाहिला. जत्रेत टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटी मिळायच्या. वर स्टिकर, '९९९९ इन १'. घरी येऊन लावली की पहिल्या पाच-सात नावांनंतर तेच गेम पुन्हा पुन्हा. मारिओ पहिल्या लेव्हलपासून, मारिओ तिसऱ्या लेव्हलपासून, मारिओ उलट्या रंगात. आकडा कितीही मोठा असू शकतो, त्याच्या आत काय आहे ते उघडून बघावं लागतं, हा धडा मला त्या कॅसेटीने दिला. पुढे पत्रकारितेत आलो आणि विसरलो. त्यावर नंतर येतो.

२००१ च्या जानेवारीत अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' सुरू झालं. जगभरच्या समीक्षकांचे मार्क गोळा करायचे, शंभरपैकी एक सरासरी काढायची, चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. माझ्या भाच्याचे "सगळे" म्हणजे हे. कल्पना चांगलीच आहे. एका समीक्षकाला विकत घेता येईल, पन्नास जणांना घेणं अवघड. पण यात दोन खोट आहेत. एक, ही साधी सरासरी नाही. काही समीक्षकांना जास्त वजन, काहींना कमी, आणि ते वजन किती हे मेटाक्रिटिक सांगत नाही. डेअरीवाल्याने "मशीन पडद्यामागे आहे, आकडा तेवढा घ्या" म्हटल्यासारखं. दुसरी खोट मोठी. हा आकडा गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी काढला आणि तो धंद्याच्या करारात जाऊन बसला.

२०१० चं उदाहरण घ्या. 'फॉलआउट : न्यू वेगास' नावाचा गेम ऑब्सिडियन या कंपनीने बनवला. बनवणारी कंपनी वेगळी आणि विकणारी वेगळी, म्हणजे बेथेस्डा. करारात बोनसची अट होती : मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस. मिळाले ८४. एका मार्काने बोनस गेला. कंपनीच्याच एका वरिष्ठाने २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं, तेव्हा जगाला कळलं. गेम मात्र तुफान खपला होता, आणि आजही लोक त्याला त्या मालिकेतला सर्वांत चांगला म्हणतात.

आता ८४ आणि ८५ यांत फरक काय हो? कुठल्या तरी समीक्षकाने एखाद्या दिवशी साडेआठऐवजी आठ लिहिले असतील. सोयाबीनचा ओलावा १२.१ आला म्हणून ट्रॅक्टर परत पाठवण्यासारखं आहे हे. फरक एवढाच, की ओलावा निदान खरोखर मोजलेला असतो. इथं मत आहे, आणि मताला दशांश चिन्ह लावलं म्हणून त्याचं माप होत नाही.

आता मत देणाऱ्याचं काय होतं ते बघा. ही गोष्ट प्रत्येक पत्रकाराने वाचायला हवी. २००७ चा नोव्हेंबर. गेमस्पॉट हे तेव्हाचं मोठं नाव. तिथं जेफ गर्स्टमन नावाचा वरिष्ठ समीक्षक होता. 'केन अँड लिंच' नावाच्या गेमला त्याने दहापैकी ६ दिले. त्या वेळी गेमस्पॉटवर त्याच गेमच्या जाहिराती भरून लागल्या होत्या. काही दिवसांत गर्स्टमनची नोकरी गेली. कंपनी म्हणाली, जाहिरातीचा आणि ह्याचा काही संबंध नाही. तोंड उघडायचं नाही असा करार असल्याने त्यालाही बोलता येईना. २०१२ मध्ये ते बंधन सुटलं आणि त्याने सांगितलं की जाहिरातदारांच्या दबावातूनच हे झालं होतं. दरम्यान त्याचे काही सहकारीही नोकरी सोडून बाहेर पडले होते. ६ म्हणजे नापाससुद्धा नाही, फर्स्ट क्लास आहे! पण जिथं सगळ्यांना नऊच्या खाली अपमान वाटतो, तिथं सहा म्हणजे शिवी.

हसू नका. मीही त्याच गाडीतला प्रवासी आहे.

साधारण २००८ ची गोष्ट असेल. डिप्लोमा करून मी एका पेपरला वार्ताहर होतो. आपल्याच भागातल्या मंडळींनी एक मराठी सिनेमा काढला. पेपरला अर्ध्या पानाची जाहिरात आली आणि परीक्षण लिहायचं काम माझ्याकडे. सिनेमा पाहिला. दुसऱ्या भागात मी स्वतः डुलकी काढली. वरून निरोप आला, "साडेतीनच्या खाली नको." मी साडेतीन दिले. 'सहकुटुंब पाहावा असा' हेही लिहिलं.

आठवड्याने आमच्या गल्लीतला टेलर भेटला. बायको, दोन लेकरं घेऊन जीपने तालुक्याला गेला होता. तिकीट, जीपभाडं, लेकरांचा खाऊ, सगळं धरून त्याची दोन दिवसांची कमाई गेली. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्ही लिहिलं होतं म्हणून गेलो साहेब." गर्स्टमनने ६ दिले आणि नोकरी घालवली. मी साडेतीन दिले आणि नोकरी ठेवली. ते वाक्य अजून अधूनमधून ऐकू येतं.

हे एकट्यादुकट्याचं नव्हतं हेही सांगायला पाहिजे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या पेपरांत पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्या. पी. साईनाथ यांनी ते प्रकरण बाहेर काढलं. वेगवेगळ्या पेपरांत एकच मजकूर, शब्दाला शब्द तोच. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली. त्यांनी नावांसकट सविस्तर अहवाल दिला, पण कौन्सिलने २०१० मध्ये त्रोटकच अहवाल स्वीकारला. पूर्ण अहवाल पुढच्या वर्षी माहितीच्या अधिकारामुळे बाहेर आला. तेव्हा गेमवाल्यांना नावं ठेवण्याआधी आपलं अंगण झाडलेलं बरं.

"मग समीक्षक नकोतच, लोकांनाच विचारू," असं कुणी म्हणेल. तेही करून झालं.

२०१७ च्या एप्रिलमध्ये स्नॅपचॅटच्या मालकाने भारताला गरीब देश म्हटल्याची बातमी पसरली. कंपनीने इन्कार केला, पण ऐकतो कोण. आपल्या लोकांनी एक-एक स्टार देऊन स्नॅपचॅटचं रेटिंग पाडलं. त्या रागात कित्येकांनी स्नॅपडीललाही एक स्टार दिला! स्नॅपडील बिचारी दिल्लीकडची कंपनी. नावात स्नॅप एवढाच तिचा गुन्हा.

२०२० च्या मे महिन्यात टिकटॉक विरुद्ध यूट्यूब असं भांडण लागलं. टिकटॉकचं रेटिंग साडेचारच्या आसपास होतं, ते काही दिवसांत दीडच्याही खाली आलं. गूगलने ८० लाखांहून जास्त रिव्ह्यू काढून टाकले आणि रेटिंग पुन्हा वर चढलं. आता सांगा, अॅपमध्ये त्या दोन आठवड्यांत काय बदललं होतं? काहीच नाही. आपल्या गावागावांतली पोरंपोरी तेव्हाही व्हिडिओ करतच होती. ते बंद झाले २९ जूनच्या सरकारी आदेशाने. स्टारमुळे कुणाचा व्हिडिओ थांबला नाही.

मग पबजीवर बंदी आली आणि २६ जानेवारी २०२१ ला 'फौजी' गेम आला. देशी गेम म्हणून काहींनी खेळायच्या आधीच पाच स्टार दिले, आणि पबजी गेल्याच्या रागात काहींनी एक. चारच्या वर असलेलं रेटिंग काही दिवसांत तीनच्या घरात आलं. गेम खरंच कसा होता, हे त्या आकड्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही. पाचवाले देशाबद्दल बोलत होते, एकवाले पबजीबद्दल.

बाहेरही हेच चालतं. २०२० च्या जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग आला. समीक्षकांकडून ९० च्या वर. लोकांकडून पहिल्या काही तासांत दहापैकी तीन-साडेतीन. गेम संपवायला वीस-पंचवीस तास लागतात, म्हणजे शून्य देणाऱ्यांनी तो संपवलेला असणं शक्यच नव्हतं. पुढच्या महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला, नवा गेम आल्यावर ३६ तास लोकांना मार्क देता येणार नाहीत.

मग हा आकडा महत्त्वाचा आहे की नाही? माझं मत सांगतो. विकत घेणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्यासाठी तो जास्त महत्त्वाचा आहे. 'शोले' १९७५ च्या १५ ऑगस्टला लागला तेव्हा सुरुवातीच्या परीक्षणांनी त्याला झोडपलं होतं. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. मोठ्या गाड्याला आकडा अडवू शकत नाही. लहानाला मात्र अडवतो.

पुण्याचं उदाहरण आहे. नोडिंग हेड्स गेम्स नावाची छोटी कंपनी. त्यांनी 'राजी' नावाचा गेम बनवला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, राक्षसाशी लढते, आसपास आपले किल्ले-महाल, चित्रं पहाडी शैलीतली, कथा कळसूत्री बाहुल्यांच्या सावल्यांतून. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायला गेले, जमलं नाही. तरी हटले नाहीत आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम आणला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकनही मिळालं. पण मार्क? शंभरपैकी सत्तरच्या आसपास. पिवळा रंग. शंभर-दोनशे कोटींच्या कंपन्यांना ज्या फूटपट्टीने मोजलं, त्याच फूटपट्टीने पुण्यातल्या मूठभर पोरांना मोजलं.

पण त्या सत्तरखालचा मजकूर कुणी वाचला, तर त्यात सगळं होतं. चित्रं अप्रतिम, संगीत छान, लढाई तोचतोपणाची, शेवट अचानक. हे शब्द उपयोगाचे होते. २०२२ मध्ये त्यांनी सुधारित आवृत्ती आणली, दुरुस्त्या केल्या, हिंदी आवाज दिला. सत्तर या आकड्याकडे बघून काय दुरुस्त करणार होते?

कायद्याचंही थोडं सांगतो. २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. रिव्ह्यू कुणी दिला याची खात्री करा, पैसे देऊन घेतलेला असेल तर तसं सांगा, असा त्याचा रोख. चांगलं आहे, पण ऐच्छिक. २०२३ च्या जानेवारीत ग्राहक खात्याने पैसे घेऊन कौतुक करणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनी ते उघड सांगावं असे नियम केले, पहिल्या चुकीला दंड दहा लाखांपर्यंत. कागदावर आहे. डेअरीवर जसं आपण "पुन्हा लाव" म्हणतो, तसं म्हणायची सवय आपल्याला लागल्याशिवाय कागद कागदच राहणार.

भाच्याला मी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी राहू दे. ज्यांनी कमी दिलेत, त्यांतले दहा जणांचं वाच. कारण काय देतात ते सांग." अर्धा तास वाचत बसला. नऊ जणांच्या नुसत्या शिव्या होत्या. दहाव्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या : चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हा गेम चालत नाही, पैसे वाया गेले.

भाच्याच्या लॅपटॉपला चार जीबीच आहे.

अठ्ठ्याऐंशी देणाऱ्यांनी खोटं बोललं नव्हतं. त्यांच्या लाखालाखाच्या मशीनवर तो अठ्ठ्याऐंशीच असेल. २०२० च्या डिसेंबरात 'सायबरपंक' आला तेव्हा जगभर हेच झालं होतं. आधी परीक्षणासाठी फक्त पीसीवरचा गेम दिला, मार्क नव्वदीच्या घरात. ज्यांच्याकडे जुनं प्लेस्टेशन होतं, त्यांच्याकडे तो धड चालेना, तिथले मार्क साठच्या खाली. आठवड्याभरात सोनीने तो दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. माझ्या भाच्याला पैसे परत कोण देणार होतं? साडेआठशे वाचले ते कुठल्या तरी अनोळखी, दोन ओळी लिहिणाऱ्या माणसामुळे.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी गेम असो, हॉटेल असो, बियाण्याचं दुकान असो की दवाखाना, स्टार द्यायची वेळ आली तर नुसता आकडा दाबू नका. दोन ओळी लिहा. काय घेतलं, कसं वापरलं, काय बिघडलं. तुमच्यासारख्याच कुणाचे तरी दोन दिवसांच्या कमाईचे पैसे त्या दोन ओळींवर वाचतील. मी त्या टेलरचे वाचवू शकलो असतो, वाचवले नाहीत.

तुम्हाला कधी स्टार बघून फसायला झालंय का? किंवा कुणाच्या दोन ओळींनी वाचवलंय का? खाली लिहा. आणि ह्या पोस्टला नुसता अंगठा दाबून जाऊ नका, काय चुकलं तेही सांगा.